शाल, श्रीफळ आणि बंद दरवाजा

मे महिन्याचा दुसरा रविवार जवळ आला की जाहिरातदारांना मातृप्रेमाचं भरतं येतं. साबणवाला, तेलवाला, विमावाला, फ्लॅटवाला, सगळ्यांना एकाच आठवड्यात आई आठवते. चित्र ठरलेलं. दहा हातांची बाई. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात झारा, तिसऱ्यात बाळ. घरातले बाकीचे हात कुठे गेले म्हणून हिला दहा लागतात, एवढं मात्र चित्रकार दाखवत नाही.

नोकरी करणाऱ्या आईचं कौतुक हा बिनभांडवली धंदा आहे. 'कसं गं जमवतेस सगळं?' असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत विषय बदलायचा. कारण उत्तर खरं आलं तर उठून काहीतरी करावं लागेल.

त्यापेक्षा शाल बरी.

सरकारने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची मोजणी केली. कोण दिवसाची किती मिनिटं कशात घालवतं, याची. बिनपगारी घरकामात बाई २९९ मिनिटं, पुरुष ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा मोजलं. बाई २८९, पुरुष ८८.

बाईची दहा मिनिटं वाचली म्हणून टाळ्या वाजवू नका. पुरुषाने तेवढ्यात नऊ वाचवली. दोघांतलं अंतर २०२ मिनिटांचं होतं, ते २०१ झालं. पाच वर्षांत एक मिनिट. याच वेगाने गेलो तर बरोबरी व्हायला हजार वर्षं लागतील. तोवर कुकरच्या शिट्ट्या तिनेच मोजायच्या.

आणि ही ८८ मिनिटं समस्त पुरुषजातीची सरासरी नाही बरं का. जे घरकामाला हात लावतात, फक्त त्यांची. बाकीचे या सरासरीत आलेच नाहीत. त्यासाठी सोफ्यावरून उठावं लागलं असतं.

बरं, कायदा काय म्हणतो? कायदा फार गोड बोलतो. बाळंतपणाची पगारी रजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. पहिल्या दोन मुलांसाठी. जगात मिरवावा असा आकडा. पण त्या २६ आठवड्यांचा पगार कोण देणार? राज्य कामगार विम्यात असाल, म्हणजे पगार साधारण २१ हजारांच्या आत असेल, तर विमा देणार. त्यावरच्या बाईचा सगळा भार एकट्या मालकावर.

म्हणजे उदार व्हायचं सरकारने आणि खिशात हात घालायचा मालकाने. मालक काय दूधखुळा आहे? तो ते बिल मुलाखतीतच उमेदवाराच्या नावावर फाडतो.

'लग्न झालंय? अच्छा, नवीनच. मग पुढचा काही विचार?' हा प्रश्न आवाज खाली आणून, पाण्याचा ग्लास पुढे सरकवत विचारला जातो. पण विचारला जातो. 'पुढचा विचार' बाई एकटीच करते, असा समस्त एचआर विभागांचा जीवशास्त्रीय समज दिसतो.

डॉक्टर सांगतात, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. २६ आठवडे म्हणजे सहा महिनेच. हिशेब चोख. पण त्यातली ८ आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणाआधीच जाऊ शकते, हे बाळाला कोण समजावणार? नाचणीचं सत्त्व घशाखाली उतरायला लागतं, खिमट थुंकायला सुरुवात होते, रात्रीच्या झोपेचं पार खोबरं होतं, आणि नेमक्या त्याच सोमवारी आई मस्टरवर सही करते.

ऑफिसातले म्हणतात, 'छान, सहा महिने आराम झाला!'

आराम. बरं.

पाळणाघराचीही सोय कायद्यात आहे. ५० किंवा जास्त माणसं असतील तर आस्थापनेने पाळणाघर द्यायचं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही पन्नासचा आकडा तसाच ठेवलाय. वाचताना डोळे भरून येतात. तुमच्या माहितीत पन्नासहून जास्त माणसांच्या कचेऱ्या किती आहेत? डोळ्यांपुढे आणा. आता त्यातल्या पाळणाघरं असलेल्या किती ते आठवा.

आठवताय ना? आठवा, आठवा. घाई नाही.

काचेच्या इमारतीत जिम असते. टेबल टेनिस असतं. दुपारी डुलकी काढायला आडव्या होणाऱ्या खुर्च्या असतात. पाळणाघराचं विचारलं की 'आमचं टाय-अप आहे' असं उत्तर मिळतं. टाय-अप कुठे आहे? शहराच्या दुसऱ्या टोकाला. चार वेळा जायला मुभा आहेच. पाचव्यांदा परत येऊ नका, इतकंच.

बापाचं काय? केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर १५ दिवसांची पितृत्व रजा. खाजगीत मालकाची मर्जी. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व रजेसाठी खाजगी विधेयक आणलं होतं. सगळ्या बापांना ती मिळावी म्हणून. पुढे काय झालं? जे खाजगी विधेयकांचं होतं तेच. विधेयकच दीर्घ रजेवर गेलं.

देशातल्या बापांनी त्यासाठी मोर्चा काढल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं. त्यांनी अमेरिकेची दोनशे वर्षांची आकडेवारी उपसली आणि दाखवून दिलं, की आज एकाच व्यवसायातल्या बाई-पुरुषांच्या कमाईत जो फरक पडतो, तो मुख्यतः पहिलं मूल झाल्यावर पडतो. डोंबिवलीच्या लेडीज डब्यात ही गोष्ट चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या बाईलाही माहीत होती. नोबेल समितीला कळवायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच.

लेडीज डबा हे आपलं खरं महिला धोरण. चर्चगेट ते बोरिवली अख्खी गाडी बायकांसाठी सुटली ती ५ मे १९९२ रोजी. तेव्हा जगात पहिली म्हणून कौतुक झालं. होणारच. कुठल्याही योजनेशिवाय, कुठल्याही समितीशिवाय तिथे स्वयंपाकघर चालतं, समुपदेशन केंद्र चालतं आणि रिमोट कंट्रोलने संसारही चालतो.

परवाच शेजारची बाई मांडीवर पिशवी धरून मेथी निवडत फोनवर बोलत होती. 'निळी वाटी. निळी. स्टीलची नको, स्टीलच्या वाटीतलं तो खात नाही. ओट्याच्या खालचा दुसरा कप्पा. दुसरा... अहो, तो पहिला झाला. भात मऊ करा, चमच्याने दाबून. तूप घाला. हो, तूप फ्रिजमध्ये नसतं.' फोन ठेवला आणि मला म्हणाली, 'आमचे हे. सगळ्या महाराष्ट्राचा गोदामांचा हिशेब बघतात.'

कुठल्या गावात किती पोती पडलीत ते यांना तोंडपाठ. तुपाची बरणी कुठे आहे, हे मात्र गूढ.

पाळणाघर सातला बंद होतं. गाडी दिव्याच्या अलीकडे सिग्नलला उभी असते. जुलै असेल तर देवाचं नाव. सात वाजून दहा मिनिटांनी काकूंचा फोन येतो. काकू ओरडत नाहीत. फक्त म्हणतात, 'तुमचाच राहिलाय.' डोळ्यांपुढे बूट घातलेलं, दप्तर पाठीला लावलेलं, दाराकडे तोंड करून बसलेलं पोर येतं. काकूंचंही चुकत नाही. त्यांच्याही घरी कुणीतरी जेवायचं थांबलेलं असतं. उशिराचा दंड दर अर्ध्या तासाला.

दंड रेल्वेला नाही हो. आईला.

आता शाळा. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फतवा काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. का? मुलांची झोप पुरी होत नाही. अगदी बरोबर. लेकरांनी झोपलंच पाहिजे. पण शाळा नऊला आणि साडेनऊला बाईचं ऑफिस फोर्टात. मग नऊला मुलाला दारात सोडणार कोण? हा प्रश्न शासननिर्णयात नाही. तो बाईच्या अंदाजपत्रकात आहे, व्हॅनवाल्याच्या नावापुढे.

पालकसभा कधी? बुधवारी, सकाळी अकरा. म्हणजे आईने अर्धी रजा टाकायची. बाप ऑफिसातून साडेपाचला उठून मुलाच्या नाटकाला गेला तर 'साहेबांचं किती लक्ष आहे हो घराकडे!' आई साडेपाचला उठली तर 'आजपण?'

शाळेच्या अर्जात पहिला मोबाइल नंबर वडिलांचा असतो. फी थकल्याचा मेसेज त्या नंबरवर जातो. ताप आल्याचा फोन दुसऱ्या नंबरवर. कोणी ठरवलं हे? कोणीच नाही. सगळ्यांना आपोआप कळतं.

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं तर काय सांगावं! साठ आया, चार बाबा. चारही बाबा गुड मॉर्निंगपुरते. रात्री पावणेदहाला मेसेज येतो: 'उद्या मुलांनी पालेभाजीच्या वेशात यावे.' आता रात्री पावणेदहाला हिरवा घोटीव कागद कुठे मिळतो? आईला माहीत असतं. स्टेशनजवळ एका दुकानाचं शटर अर्धं उघडं असतं. खाली वाकून 'दादा, दोनच शीट' म्हणायचं. मग अकरा वाजेपर्यंत पानं कापायची, पिनांनी टाचायची, पिना टोचू नयेत म्हणून आतून चिकटपट्टी लावायची.

सकाळी मुलगा पालक झाला. दुसरा पालक अजून पेपर वाचत होता.

नाही म्हणायला कागदोपत्री प्रगती आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. चांगलं झालं. नावात आई पुढे आली. रेशनच्या रांगेत, डॉक्टरांच्या रांगेत, प्रवेशाच्या रांगेत ती पुढे होतीच.

मे महिन्यात शाळेला सुट्टी, ऑफिसला नाही. तोडगा म्हणून छंदवर्ग निघतात. वेळ सकाळी दहा ते बारा. दोन तास मातीची भांडी, मग उरलेला दिवस मूल कुणाकडे? वर्गवाल्यांनी गृहीत धरलंय, की घरी कुणीतरी आहे.

आहे ना. आजी आहे.

या राज्याचं सर्वांत मोठं पाळणाघर आजी चालवते. पगार नाही, रजा नाही, वयोमर्यादा नाही. गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा नातवाच्या परीक्षा बघून ठरतं. तिने स्वतः तीस वर्षं नोकरी केलेली असते, निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमा ठरवलेली असते. परिक्रमा होते. बागेतल्या घसरगुंडीभोवती.

आणि आजी नसेल तर? मावशी. तुमची सख्खी नव्हे, कामाला येणारी. आपल्याला साडेआठची गाडी मिळते, कारण मावशी साडेसातला येतात. त्यांचं मूल तेव्हा कुठे असतं? विचारलंय कधी? ऑफिसातल्या बाईला २६ आठवडे भरपगारी. मावशींना कुठल्या मालकाकडून किती? शून्य. केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अटी पाळल्या तर, आणि कागद जुळले तर. लाडक्या बहिणीचे १,५०० आले तरी पुण्या-ठाण्यात त्यात पाळणाघराचा आठवडा निघणं मुश्कील.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल एका कोयत्याची. फडाच्या बांधावर झोळीत झोपलेलं पोर कुणाच्याच हिशेबात नाही. तिथे 'वर्क-लाइफ बॅलन्स'वर व्याख्यान द्यायला अजून कोणी गेलेलं नाही.

अंगणवाडीचं बघा. योजना २ ऑक्टोबर १९७५ ची, म्हणजे पन्नाशी पार. गावातल्या सगळ्या मुलांना वजन, लस, खाऊ, बडबडगीतं देणारी सेविका सरकारी कर्मचारी नाही. तिला पगार नाही, मानधन आहे. २०२३ च्या डिसेंबरात याच बायका मानधनवाढीसाठी संपावर गेल्या. मान भरपूर मिळतो, धनाचं बघू.

आता हिरकणी. तिच्याशिवाय मराठीत आईवर भाषण होत नाही. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण. सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं मूल. पहारेकरी ऐकेनात. ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला, अशी आख्यायिका. गडाच्या सुरक्षेचा प्रश्न होता, बुरूज रास्तच होता.

पण आपण त्या गोष्टीतून नेमकं काय उचललं? सत्कार उचलला. बुरूज उचलला. दरवाजा बंद व्हायच्या वेळेबद्दल साडेतीनशे वर्षांत कुणी ब्र काढला नाही.

वर तिच्याच नावाने कक्ष काढले. बसस्थानकांत, सरकारी कचेऱ्यांत, स्तनदा मातांसाठी. कल्पना उत्तम. काही ठिकाणी चांगले चालतातही. काही ठिकाणी आत जुन्या फायली आणि मोडक्या खुर्च्या विसावा घेतात, आणि किल्ली साहेबांकडे. साहेब जेवायला गेलेत. बाळाने थोडं थांबावं.

सामान्य बाईचं सोडा. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. कॅमेरे धावले. कौतुकाचा पूर. पुढच्या अधिवेशनाला मुंबईत आल्या, तर विधानभवनातल्या हिरकणी कक्षात धूळ. त्यांनी ते बोलून दाखवलं, मग यंत्रणा हलली. कायदे जिथे होतात तिथे ही गत. तलाठी कार्यालयातल्या कक्षाची झाडलोट कोणाच्या हक्कभंगाने होणार?

आईच्या सोयीने व्यवस्था बदलता येतच नाही, असं नाही. आजच्या पालघर जिल्ह्यात कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते १९५० च्या दशकात करून दाखवलं. वारल्यांच्या मुली शाळेत येईनात. का? आई-बाप मजुरीला, धाकटं भावंड कडेवर. ताराबाईंनी काय केलं? त्या मुलींचा सत्कार केला नाही. त्यांच्या त्यागावर भाषण दिलं नाही. शाळेलाच पाळणाघर जोडलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी, नाव विकासवाडी. पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा.

पैसा किती होता त्यांच्याकडे? आजच्या एखाद्या महिला दिनाच्या कार्यक्रमातल्या फुगे-केकएवढा तरी असेल का, शंका आहे. त्यांनी फक्त प्रश्न सरळ ऐकला. बाई कमी पडत नाही, वेळापत्रक चुकीचं आहे, एवढंच ते होतं.

टेकडीवर जे सत्तर वर्षांपूर्वी जमलं, ते हिंजवडीच्या तिसऱ्या फेजपर्यंत अजून पोचलेलं नाही. वाहतूककोंडी असेल.

तेव्हा, बाबांनो, येत्या महिला दिनाला गुलाब आणू नका. उद्या ऑफिसात गेलात की माणसं मोजा. पन्नास भरली तर एचआरला एक ओळीचा ईमेल टाका: 'आपलं पाळणाघर कुठे आहे?' उत्तर लेखी मागा. आणि ईमेल तुम्हीच टाका. तिने टाकला तर पुढच्या मूल्यमापनात 'हिचं कामात लक्ष नाही' असा शेरा बसेल. तुम्ही टाकलात तर फार तर काय होईल, 'साहेबांचं किती लक्ष आहे हो घराकडे' म्हणतील.